पॉवर स्टेअरिंगची एअर काढतोय: आत्तापर्यंतची प्रगती

रिटर्न होज (ऑइल टाकीत परत आणणारा पाइप) बदलला, नवीन क्लॅम्प आवळले, स्टेअरिंग ऑइलची टाकी भरली. आता सिस्टिममधली एअर काढायची.

मागच्या चाकांना ठोकळे लावले आणि पुढची चाकं स्टँडवर अधांतरी ठेवली, म्हणजे इंजिन बंद असतानाही स्टेअरिंग हाताने सहज फिरतं. माझा सगळा भर या टप्प्यावर आहे. इंजिन चालू केलं की पंप ऑइल आणि हवा एकत्र घुसळतो. एरवी आपोआप वर आले असते त्या मोठ्या बुडबुड्यांचा बारीक फेस होतो, आणि तो लवकर बसत नाही.

चावी स्टेअरिंग लॉक सुटेल इतकीच फिरवली, टाकीचं झाकण काढलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो. सुरुवातीला टाकीत भकाभक बुडबुडे येत होते आणि पातळी भराभर उतरत होती. इथे लक्ष हवंच, कारण तळाचं तोंड उघडं पडलं तर पंप पुन्हा हवा ओढतो. हळूहळू बुडबुडे मोहरीएवढे झाले, मग एखाद-दुसराच.

त्यानंतर इंजिन आयडलवर ठेवून तेच केलं. टोकाला मात्र दाबून धरायचं नाही. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडतो, तेच ऑइल पंपात फिरत राहतं आणि झपाट्याने तापतं.

हवेमुळे पंपातून येणारा घूंऽऽ आवाज बराच कमी झालाय, पण आवाजापेक्षा मला पातळीची चाचणी भरवशाची वाटते. इंजिन चालू असताना टाकीवर खूण केली आणि बंद करून पाहिलं, तर पातळी खुणेच्या बरीच वर चढली. ऑइल जवळजवळ दाबलं जात नाही, हवा जाते. दाब गेला की आत अडकलेली हवा फुगते आणि ऑइलला वर ढकलते. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ५ मिमीपर्यंतची वाढ चालते. माझी त्याहून जास्त आहे. ऑइलही अजून दुधाळ दिसतंय.

म्हणून आता रात्रभर गाडी तशीच ठेवतो. सकाळी आधी इंजिन बंद ठेवून फेऱ्या, मग पुन्हा खूण. तरीही पातळी चढली, तर संशय टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या होजवर. त्या बाजूला ओढ असते, त्यामुळे सैल क्लॅम्पमधून ऑइल न ठिबकताही हवा आत शिरते. त्या जोडावर थोडं ऑइल लावून आवाज बदलतो का, ते बघणार आहे.

ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना वेगळंच. चुकीच्या ऑइलने सील खराब होतात.