त्या मेकॉलेचे आम्ही कोण?

मेकॉले हे माझं आडनाव सांगितलं की पुण्यात काय, दादरला काय, पुढचा प्रश्न ठरलेला: ‘त्या मेकॉलेच्या नात्यातल्या का?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या त्या थॉमस मेकॉलेनं लग्नच केलं नाही. १८५९ मध्ये तो गेला, त्याची सरदारकीही तिथेच संपली. आडनाव त्याच्याहून कितीतरी जुनं आहे. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, आणि पुढे ओलाफ या नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वेकडच्या, नावाचं गेलिक रूप; गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा. स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं १२६६ च्या पर्थच्या तहापर्यंत नॉर्वेच्या राजाची होती. माझ्या सासरचे त्यातल्याच लुईस बेटावरच्या ऊईगचे. वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या त्या प्रसिद्ध नॉर्स बुद्धिबळाच्या सोंगट्या १८३१ च्या सुमारास तिथेच सापडल्या. डंबार्टनशरच्या मेकॉल्यांचं कूळ निराळंच. सगळे जाधव तरी कुठे भाऊबंद असतात?

एवढं सांगून मी मोकळी व्हायचे.

मग बाबांचं तेरावं आलं. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. नवरा पंगतीत पाणी वाढत होता. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आला बघा, आपलं सगळं वाङ्मय एका फळीत बसवणारा.” युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची, हे थॉमस मेकॉलेच्या भारतातल्या शिक्षणावरच्या १८३५ च्या टिपणातलं वाक्य. कुणी हसलं नाही, पण काकांना कुणी थांबवलंही नाही. माझा घास घशातच राहिला. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी शब्दन्‌शब्द सांगितलं. रात्री तो म्हणाला, “माझ्या आजीला शाळेत गेलिक बोलली म्हणून मार बसायचा.” स्कॉटलंडच्या १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. आज त्याला स्वतःला ती भाषा येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग त्यालाही राग यायला हवा.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तेराव्या शतकातला काळा ओलाफ राजा आमचा मूळपुरुष, असं सासरी अभिमानानं सांगतात, आधार परंपरेचाच. गुलामगिरीविरुद्ध लढलेला झकॅरी मेकॉलेही आपला. त्याचाच मुलगा थॉमस मात्र परका! आठशे वर्षांपूर्वीचा राजा चालतो, तर दोनशे वर्षांपूर्वीचा टिपण लिहिणारा का नको? पण माझा नवरा त्या टिपणाचा जबाब का देईल, हेही मला पटत नाही. मी स्वतः इंग्रजीवर पोट भरते. मग काकांचा रोख खरा कुणावर होता?

आणि एक. ‘भारतात मला एकही भिकारी दिसला नाही’ हे त्याच्या नावावर फिरणारं संसदेतलं भाषण मला पाठवू नका. त्यावर तारीख असते २ फेब्रुवारी १८३५, आणि तेव्हा तो लंडनला नव्हे, कलकत्त्यात होता. फळीचं वाक्य मात्र त्याचंच. ते पाठवा, त्यावर बोलू.