चरबीची सूज गोळीने का उतरत नाही?

लालबागमधल्या माझ्या दवाखान्यात डायबेटिसचे पेशंट हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, चरबीला सूज येते म्हणून शुगर वाढते ना? मग सूज उतरायची गोळी द्या. नाहीतर हळदीच्या कॅप्सूल घेऊ का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऐकलंत ते बरंचसं खरं आहे. 1993 साली अमेरिकेत गोखान होटामिस्लिगिल, ब्रूस स्पीगलमन आणि सहकाऱ्यांना लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह, म्हणजे हीच सूज, वाढवणारा पदार्थ सापडला. तो निकामी केल्यावर इन्सुलिनचा असर सुधारला. पुढे 2003 मध्ये दिसलं की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात. मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करणं हे त्यांचं काम. ही सूज दुखत नाही, हाताला लागत नाही.

पण साफ करण्यासारखं तिथे काय असतं? मेदपेशी फुगत गेली की तिला प्राणवायू पुरत नाही आणि शेवटी ती मरते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. त्वचेखालची चरबी म्हणजे चाळीतल्या खोलीचा पोटमाळा. तो भरला की सामान जिन्यात आणि गॅलरीत येतं, तशी चरबी लिव्हरमध्ये आणि स्नायूंत जाऊन बसते आणि इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात अंगावर चरबीच नसते, तरी त्या माणसांना जबर डायबेटिस होतो. म्हणून चरबीला सरसकट शिव्या घातलेल्या मला पटत नाहीत.

आपल्याकडे हा पोटमाळा लवकर भरतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणून वजनकाट्याआधी मी टेप काढते. कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर बारीक दिसणाऱ्यालाही मी शुगर तपासायला लावते.

आता गोळीचं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांना कॅनाकिनुमॅब हे दाह रोखणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. 2017 साली निष्कर्ष आले: पुढचे अटॅक कमी झाले. डायबेटिस होण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही. उंदरांमध्ये तर चरबीतला दाह पार दाबला तेव्हा चरबीला नीट वाढताच येईना आणि ती लिव्हरमध्ये साठली. थोडा दाह चरबीला स्वतःची डागडुजी करायलाही लागतो.

त्यामुळे मी आधी पोटमाळा रिकामा करायला सांगते. वजन पाच-सात टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी हटू लागते. रात्री नऊला बदलापूर लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला व्यायाम कर म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. जेवणानंतर वीस मिनिटं चाललात तरी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, तिथून सुरुवात करा.

सूज उतरेल म्हणून रोज पेनकिलर घेऊ नका, किडनीवर येतं. हळद आमटीभाजीत खुशाल घाला. कॅप्सूल घेत असाल तर मला सांगा. त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि फॅटी लिव्हर असलेल्यांच्या बाबतीत ही जोखीम मला नको वाटते.