'ओरिजिनल'वाल्यांच्या गावात

'आमची कुठेही शाखा नाही' ही पाटी वाचत मोठा झालो, त्यामुळे न्यू ऑर्लीन्समध्ये मला फारसं परकं वाटलं नाही. जॅझचं हे माहेर, आणि इथल्या जुन्या बँडांची नावं बघा: ओरिजिनल क्रिओल ऑर्केस्ट्रा, ओरिजिनल टक्सिडो जॅझ बँड, ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड. जो तो ओरिजिनल!

यातल्या डिक्सीलँडवाल्यांचा दावा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पोकळ. २६ फेब्रुवारी १९१७ ला त्यांनी न्यू यॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं आणि जॅझची पहिली तबकडी बाजारात आली. तिच्यात कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड, घोड्यासारखं खिंकाळतं, क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं. तबकडीवर 'जॅझ'सुद्धा नाही, 'जॅस' छापलंय. पाचही वादक गोरे. ज्या काळ्या वादकांकडून हे संगीत आलं, त्यांच्यातला बडी बोल्डन १९०७ मध्येच वेड्यांच्या इस्पितळात गेला होता. त्याचा एक सूरही ध्वनिमुद्रित झालेला आज मिळत नाही.

टक्सिडोची गोष्ट मला जास्त आवडली. स्टोरीव्हिल या बदनाम वस्तीतल्या टक्सिडो डान्स हॉलवरून पापा सेलेस्टिनच्या बँडला हे नाव पडलं. हॉल गोळीबारानंतर बंद झाला, १९१७ मध्ये वस्तीही उठली, नाव तेवढं उरलं.

जुन्या टांकसाळीच्या इमारतीत जॅझ म्युझियम आहे. तिथे जॅझचा सगळ्यात नावाजलेला वादक लुई आर्मस्ट्राँग याचं पहिलं कॉर्नेट काचेआड ठेवलंय. मला वाटलं होतं त्याहून लहान निघालं ते. त्याच्यासमोर उभं असताना आठवला आपला चिक चॉकोलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत तो आर्मस्ट्राँगसारखाच वाजवायचा, आणि सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त बँडसकट पडद्यावर दिसतो. त्याच्या बँडचं नाव 'चिक अँड द म्युझिक मेकर्स'. म्हणजे आधी माणूस, मग मंडळी.

ही रीत तोवर अमेरिकेतही रुळली होती. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या वाजवण्यात कॉर्नेट मुख्य चाल धरतं, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलबुट्टी काढतं, ट्रोम्बोन खालून ढकलतं. तिघं एकदमच बोलतात, पण गोंगाट होत नाही. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडनं रेकॉर्डिंग केलं तेव्हा आर्मस्ट्राँग त्यात दुसरं कॉर्नेट वाजवत होता. दोनच वर्षांनी शिकागोत 'लुई आर्मस्ट्राँग अँड हिज हॉट फाइव्ह' आलं. हा बँड जवळजवळ स्टुडिओपुरताच होता. पण त्याच्या नावात माणूस पुढे आला तसा वाजवण्यातही आला: बाकीचे साथीला, एकटा पुढे. मैफलीत गवई आणि साथीदार असतात तसंच काहीसं.

संध्याकाळी जुनं जॅझ ऐकवणाऱ्या प्रिझर्व्हेशन हॉलला गेलो. १९६१ पासून सेंट पीटर स्ट्रीटवर आहे. जुनाट भिंती, लाकडी बाकं, आणि ट्रोम्बोनची नळी इतकी जवळ की मी पाय आखडून घेतले. छान झालं, पण थोडं देवघरात बसल्यासारखं वाटलं.

रविवारी मात्र ट्रेमे वस्तीत 'सेकंड लाइन' ही रस्त्यावरची मिरवणूक गाठली. मिरवणूक काढणारे क्लबवाले आणि ब्रास बँड ही पहिली ओळ, मागून नाचत येणारे लोक ही दुसरी. छत्र्या, रुमाल, घामाच्या धारा. सगळं आपल्या वरातीसारखंच, फक्त नवरदेवाचा पत्ता नाही. सूझाफोन या अंगाभोवती वेढून वाजवायच्या भोंग्याच्या परातीएवढ्या तोंडावर बँडचं नाव रुपेरी चिकटपट्टीनं लिहिलेलं होतं, त्यातलं एक अक्षर अर्धं सुटून फडफडत होतं.

दुसऱ्याच चौकात माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. घालून यायला नको होती, हे बायकोनं आधीच सांगितलं होतं. फूटपाथवर बसून खटपट करत होतो, तेवढ्यात सूझाफोनवाला दम खायला शेजारी टेकला. चपलेकडे बघून हसला, खिशातून तीच रुपेरी पट्टी काढली आणि दातानं तोडून माझ्या हातात दिली. पायाला चप्पल गुंडाळून उठेपर्यंत बँड कोपऱ्यावर वळला होता. मग धावलो.