मुलाखत छापून आली, पण ध्वनिमुद्रण कुठे आहे?

बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागात विद्वानांच्या व पत्रकारांच्या मुलाखतींना कधीच तोटा नव्हता. कुणाचा अमृतमहोत्सव आला की गौरवग्रंथ निघतो, एखाद्या व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ प्रकट मुलाखतीसाठी राखून ठेवली जाते, दिवाळी अंकात चार पाने मिळतात आणि मजकुराच्या शेवटी ‘शब्दांकन’ असे लिहून कुणाचे तरी नाव येते. हे छापील साहित्य शोधले तर सापडते. सापडत नाही ते त्यामागचे मूळ बोलणे. दीड-दोन तासांच्या गप्पांतून चार पाने निघाली की कॅसेटचे काम संपले असे सगळ्यांनीच धरून चालले आणि त्या कॅसेटवर पुढे कुणाच्या घरची सत्यनारायणाची आरती, कुणाच्या भजनी मंडळाचा अभंग चढला. एकेका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर अजून शेवटची दहा मिनिटे मूळ मुलाखतीची शिल्लक असतात; अभंग संपतो आणि एकदम कुणीतरी १९५६ सालाबद्दल अर्ध्या वाक्यापासून बोलू लागतो.

आम्ही काही मंडळी गेली काही वर्षे अशी ध्वनिमुद्रणे गोळा करण्याच्या आणि हयात असलेल्यांशी नव्याने बोलण्याच्या कामात आहोत. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. शेतकरी, विणकर किंवा हमाल यांच्या मुलाखतीचे शब्दांकन तरी काही नवे देऊन जाते, कारण त्यांचे म्हणणे आधी कुठे छापलेले नसते. संपादक आणि प्राध्यापक यांचे तसे नाही. त्यांची मते अग्रलेखांत, प्रस्तावनांत आणि भाषणांत आधीच आलेली असतात आणि मुलाखतीत ते तीच मते घासूनपुसून पुन्हा सांगतात. शब्दांकन करणारा नेमका तेवढाच भाग उचलतो, कारण तो वाचायला चांगला लागतो. त्यांनी जे कधीच लिहिले नाही ते अडखळण्यात, विषयांतरात, ‘ते जाऊ दे’ म्हणून सोडून दिलेल्या वाक्यात असते, आणि ते फक्त अखंड ध्वनिमुद्रणातच उरते.

या भागात हा प्रश्न विशेष जाणवतो, कारण इथल्या सार्वजनिक जीवनाला आकार देण्यात पत्रकार आणि अभ्यासक यांचा वाटा मोठा आहे. बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनांचे अध्यक्ष पाहा: १९२९ साली ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे, १९४६ साली नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० साली इतिहासाचे अभ्यासक य. दि. फडके. म्हणजे दोन संपादक आणि एक संशोधक. १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण मांडवात कोण होते, बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय कुणाच्या वाड्यात होती, ठरावाच्या आदल्या रात्री कोण कुणाशी काय बोलले, हे सांगू शकणारा त्या वेळचा पंधरा वर्षांचा स्वयंसेवक आज असलाच तर नव्वदीच्या पुढे गेलेला आहे. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला, किंवा गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने १९२४ चे काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे झाले, त्या काळाचे साक्षीदार तर आता नाहीतच. १७ जानेवारी १९५६ च्या बेळगाव-निपाणीतल्या गोळीबाराची आठवण सांगणारे थोडे उरले आहेत. मात्र १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन आणि जून १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन ज्यांनी बातमीदार म्हणून पाहिले, ते त्या वेळी पंचविशीत होते आणि आज पासष्टी-सत्तरीत आहेत. त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, नोकरीचे बंधन सुटलेले आहे आणि ज्यांच्याविषयी बोलायला संकोच वाटावा असे बरेचसे लोक हयात नाहीत. बोलण्यासाठी याहून योग्य वेळ त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही.

विचारायचे काय, हे मात्र आधी ठरवावे लागते. ‘सीमाप्रश्नाबद्दल आपले काय मत आहे?’ असा प्रश्न केला की समोरचे ज्येष्ठ गृहस्थ खुर्चीत सरसावून बसतात, आवाज बदलतो आणि महाजन आयोगापासून २००४ च्या सर्वोच्च न्यायालयातील दाव्यापर्यंतचे भाषण सुरू होते. ते चुकीचे नसते, पण ते आपल्याला आधीपासून माहीत असते. त्याऐवजी बातमी गावातून कचेरीत कशी पोचायची, हे विचारून पाहावे. एका निवृत्त बातमीदारांनी यावर दिलेले उत्तर माझ्या ऐकण्यातले सर्वांत भरीव उत्तर आहे. पाकिटावर ‘बातमी’ असे ठळक लिहून ते एसटीच्या वाहकाच्या हातात कसे द्यायचे, कोणता वाहक पाकीट हमखास पोचवायचा आणि कोणता विसरायचा, ट्रंक कॉल लागेपर्यंत टपाल कार्यालयाच्या बाकावर बसून मजकूर पुन्हा पुन्हा कसा छाटायचा, फोनवर सांगितलेली आडनावे पलीकडचा उपसंपादक कशी चुकीची लिहून घ्यायचा आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी गावात कसे भांडण व्हायचे, हे त्यांनी न थांबता सांगितले. गोळीबाराच्या दिवशी रस्ते बंद असताना छायाचित्रकाराचा रीळ कुणाच्या खिशातून बाहेर गेला, हेही त्याच ओघात आले. यातले काहीही अग्रलेखात येणे शक्यच नव्हते, आणि त्या दिवसाची बातमी तशीच का छापली गेली याचा उलगडा मात्र इथेच होतो.

खेड्यांतल्या वार्ताहरांचे निराळेच आहे. खानापूर, हुक्केरी, चिकोडी या तालुक्यांतले कितीतरी वार्ताहर मुळात प्राथमिक शिक्षक किंवा दुकानदार होते. मानधन नावापुरते आणि गावातली पत मोठी. त्यांना कुणी गौरवग्रंथ काढला नाही. माझ्या मते पहिला क्रम त्यांचा लागायला हवा.

तारखांच्या बाबतीत मात्र कुणाच्याही आठवणीवर, मग ती कितीही मोठ्या संशोधकाची असो, विसंबू नये. दोन वेगळ्या वर्षांचे मोर्चे मनात एक होतात, स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्या दिवशी वाचलेले यांतली सीमारेषा पुसली जाते. त्या दिवसाच्या अंकाची छायाप्रत सोबत नेली तर खूप फरक पडतो. मथळा पाहताच माणूस ‘हा मथळा माझा नव्हे’ असे म्हणून जे सांगू लागतो ते नुसत्या प्रश्नाने कधी निघत नाही. मात्र छायाप्रत पहिल्या तासात बाहेर काढू नये, नाही तर तो छापलेलेच वाचून दाखवू लागतो.

‘बंद कर बघू ते आधी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत एकदा येते. ते आले की आम्ही यंत्र खरोखरच बंद करतो. लाल दिवा विझलेला त्यांना दिसेल असे ते टेबलावर ठेवतो. मग ते बोलतात. बोलून झाल्यावर, हा भाग मोहोरबंद ठेवण्याच्या अटीवर पुन्हा सांगाल का, असे विचारतो. बरेच जण होय म्हणतात. सीमाभागात ही काळजी दिखाऊ नाही. कोणत्या अधिकाऱ्याने आगाऊ सूचना दिली, कोणत्या पुढाऱ्याने जाहिरात थांबवण्याची धमकी दिली, कोणत्या कन्नड पत्रकाराने त्या दिवशी मराठी पत्रकाराला आपल्या घरात ठेवून घेतले, या गोष्टींतली माणसे किंवा त्यांची मुले याच गावांत राहतात. म्हणून संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत असावे आणि त्यात सगळे खुले, हयातीनंतर खुले, किंवा अमुक मिनिटांपासून तमुक मिनिटांपर्यंतचा भाग ठरावीक वर्षे बंद, असे पर्याय स्पष्ट लिहिलेले असावेत. तोंडी ‘काही हरकत नाही’ पुरेसे नाही, कारण आपल्याकडे प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो आणि उद्या नातवंडांशी बोलणी करताना तोंडी होकार कामाला येत नाही.

शब्दांकन तपासायला दिले की या मंडळींचा खरा स्वभाव कळतो. एका जुन्या उपसंपादकांनी आम्ही दिलेला मजकूर आठवड्याने परत केला तेव्हा प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईने मुद्रितशोधनाच्या खुणा होत्या: शब्द खोडलेले, परिच्छेद जोडलेले, ‘काय करालास’चे ‘काय करतो आहेस’ केलेले, पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडचे कन्नड वाक्य काढून तिथे ‘अधिकाऱ्याने मज्जाव केला’ असे घातलेले. स्वतःचे बोलणे त्यांनी पहिल्या पानाची बातमी लावावी तसे लावून दिले होते. त्यांना आम्ही अडवले नाही. तो त्यांचा हक्क आहे. मात्र मूळ ध्वनिमुद्रण, आमचे शब्दशः लेखन आणि त्यांच्या दुरुस्त्यांची प्रत, या तिन्ही गोष्टी एकाच क्रमांकाखाली ठेवल्या. ती लाल शाईची पाने हाच त्यांच्या धंद्याचा एक उत्तम पुरावा आहे.

भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही. मराठी घरात वाढलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे मोठे कवी झाले, सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी कन्नडचे मोठे संशोधक असून मराठीतही लिहीत. अशा दुभाषी परंपरेतले अभ्यासक मुलाखत देताना एका वाक्यात दोन भाषा वापरतात आणि खानापूरच्या बाजूला त्यात कोंकणीही येते. बोलण्याचे आपोआप लिखाण करून देणाऱ्या संगणकीय सोयी अशा वेळी कन्नड शब्दांचे काहीही मराठी शब्द करून टाकतात. हाताने लिहायला एका तासाच्या बोलण्यास पाच-सहा तास सहज लागतात. ज्यांना तेवढे जमणार नाही त्यांनी किमान मिनिटवार सूची करावी: कोणत्या मिनिटाला कोणता विषय, कोणते गाव, कोणते नाव. सूची असलेले ध्वनिमुद्रण पन्नास वर्षांनीही वापरता येते.

आता जुन्या कॅसेटींविषयी. बेळगावचा पाऊस आणि खानापूर-जांबोटीकडची ओल हे फितीचे पहिले शत्रू आहेत. खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नये, ती इतर कॅसेटींपासून वेगळी करून कोरड्या जागी ठेवावी. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते आधी मोडावेत म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. फितीला यंत्राच्या डोक्याशी (हेडशी) टेकवून धरणारा लहानसा नमद्याचा तुकडा बहुधा गळून पडलेला असतो. तो नव्या कवचात फीत घालून भरून काढता येतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती यंत्रात गुंतण्याची भीती अधिक, म्हणून ती जाणकाराकडेच द्यावी. यंत्राचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे आणि आवाज दबका येत असेल तर डोक्याचा कोन छोट्या स्क्रूने त्या कॅसेटपुरता जुळवून घ्यावा. जतनाची प्रत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करावी. एका तासाच्या मोनो ध्वनिमुद्रणाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, म्हणजे आजच्या काळात काहीच नाही. या प्रतीवरची खरखर काढू नये. पंख्याचा आवाज, रस्त्यावरची घोषणा, स्वयंपाकघरातून आलेली सुनेची हाक यांवरून जागा आणि वेळ ओळखता येते. ऐकायची एमपी३ प्रत वेगळी करून ती हवी तेवढी स्वच्छ करावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही जतनाची प्रत नव्हे, कारण ध्वनिमुद्रण तिथे बहुधा दाबून लहान केले जाते.

प्रती किमान तीन हव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांत घरेच्या घरे पाण्याखाली होती. एका कपाटात तीन प्रती ठेवण्याला त्या वेळी काही अर्थ उरला नसता. एखादे जुने वाचनालय, एखादे महाविद्यालय आणि सीमेपलीकडे कोल्हापूरच्या बाजूची एखादी संस्था अशी विभागणी केली तर पूर, बदली झालेला ग्रंथपाल आणि सरकारी धोरण या तिन्हींपासून थोडे संरक्षण मिळते. घरच्यांनी मात्र कॅसेटवरची जुनी चिठ्ठी काढून नवी लावू नये. चिठ्ठीचे छायाचित्र काढावे आणि आवाज कुणाचा हे ओळखणारे घरात आहेत तोवर कागदावर लिहून ठेवावे.

सध्या आमच्याकडे खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षक-वार्ताहरांच्या कॅसेटी आहेत. त्यांच्या घरच्यांनी संमती दिली आहे, आवाज स्वच्छ आहे, सूचीही झाली आहे. अडले आहे ते प्रश्न विचारणाऱ्यावर. त्याचा आवाज तरुण आहे, बोली बेळगाव शहरातली आहे आणि वार्ताहर त्याला नुसते ‘पावणे’ म्हणतात. तो सापडेपर्यंत किंवा त्याचे वारस सापडेपर्यंत त्याच्या प्रश्नांचे काय करायचे, यावर आमच्यात एकमत नाही. वार्ताहरांची उत्तरे तेवढी वेगळी काढून खुली करावीत असे काहींचे म्हणणे आहे. माझा त्याला विरोध आहे, कारण प्रश्न काढल्यावर ती उत्तरे पुन्हा भाषणासारखी ऐकू येतात.