छोट्या विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र : माझा अनुभव

पाच-सहा शिक्षकांच्या विभागात गणित आणि संख्याशास्त्र शिकायचं तर सगळ्यात आधी वेळापत्रक सोडवावं लागतं. रिअल ॲनालिसिसचा दुसरा भाग वर्षातून एकदाच लागतो. टोपॉलॉजी किंवा स्टोकॅस्टिक प्रोसेसेससारखे पेपर वर्षाआड येतात, तेही पुरेशी मुलं जमली तर. म्हणून मी पहिल्याच सत्रात शेवटच्या वर्षापासून मागे येत तक्ता मांडला. मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स हवं तर आधी प्रोबॅबिलिटी हवी. प्रोबॅबिलिटीत जॉइंट डेन्सिटी (दोन चलांची एकत्रित शक्यता सांगणारं फलन) आली की दुहेरी इंटिग्रल येतं, म्हणजे त्याच्याआधी अनेक चलांचं कॅल्क्युलस हवं. रिग्रेशनच्या (काही चलांवरून दुसऱ्या चलाचा अंदाज बांधण्याच्या) आधी लिनिअर अल्जेब्रा. यातली पहिली कडी एका सत्राने हुकली की पुढचा पेपर पुन्हा लागेपर्यंत अख्खं वर्ष जातं.

तक्ता घेऊन विभागप्रमुखांना एवढंच विचारायचं, ‘यातला कोणता पेपर पुढच्या दोन वर्षांत लागणार नाही?’ माहितीपत्रकात सगळेच पेपर छापलेले असतात, त्यावर जाऊ नये. इतर शाखांसाठी असलेला संख्याशास्त्राचा ओळखवजा पेपर मुख्य विषयाच्या क्रेडिटमध्ये धरतात का, हेही आधी विचारून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत आणि हे शेवटच्या वर्षी कळतं.

अभ्यासात सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती सिद्धता लिहिताना. विषय समजलेला असतो, पण कच्चं काम जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरतं. एन/(एन+१) ही क्रमिका १ कडे जाते हे दाखवायचं आहे असं धरा. कच्च्या कागदावर शेवटापासून सुरुवात करायची : १ पासूनचं अंतर १/(एन+१), ते एप्सिलॉनपेक्षा (कितीही लहान दिलेल्या धन संख्येपेक्षा) लहान हवं, म्हणजे एन केवढा मोठा लागेल? पक्क्या लेखनात हाच क्रम उलटतो. एप्सिलॉन > ० दिलेला आहे. १/एप्सिलॉनपेक्षा मोठी पूर्ण संख्या एम निवडा. आता एन ≥ एम असेल तर १/(एन+१) < १/एम < एप्सिलॉन. संपलं. एप्सिलॉन ०.०१ असेल तर या रीतीने एम १०१ येतो. खरं तर १०० पुरला असता, पण सर्वात लहान एम कुणी मागितलेलाच नसतो. तो शोधत बसलं की परीक्षेतली दहा मिनिटं जातात.

दुसरी हमखास चूक ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘असा एक’ यांचा क्रम बदलण्याची. कंटिन्यूइटी आणि युनिफॉर्म कंटिन्यूइटी यांत फरक तेवढाच आहे : पहिल्यात प्रत्येक बिंदूसाठी वेगळा डेल्टा (बिंदूंमधल्या अंतराची मर्यादा) चालतो, दुसऱ्यात सगळ्यांसाठी एकच लागतो. एक्स² हे वर्गाचं फलन घ्या आणि एन व एन + १/एन हे दोन बिंदू घ्या. बिंदूंमधलं अंतर १/एन, हवं तेवढं लहान करता येतं. वर्गांमधला फरक २ + १/एन², म्हणजे कायम २ पेक्षा जास्त. सगळीकडे चालेल असा एकच डेल्टा मिळत नाही. व्याख्या घोकण्यापेक्षा हे उदाहरण हाताने करावं.

छोट्या वर्गाचा फायदा इथे दिसतो. सात जणांत मागचा बाक नसतो, दर आठवड्याला प्रत्येकाला फळ्यावर जावं लागतं आणि चूक कुठल्या ओळीत झाली ते तिथल्या तिथे कळतं. तोटाही हाच : सात जणांपैकी कुणालाच येत नसेल तर आठवं कुणी नाही.

संख्याशास्त्रात ‘प्रचरण (व्हेरिअन्स) काढताना एन वजा एकने का भागायचं?’ (एन म्हणजे नमुन्यातल्या किमतींची संख्या) हा प्रश्न तोंडी परीक्षेत येतोच. ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणून सुटता येतं, पण समजलं आहे असं त्यातून दिसत नाही. त्यापेक्षा ० आणि २ एवढ्याच दोन किमती असलेली समष्टी (पॉप्युलेशन) घ्या. सरासरी १, प्रचरण १. परत ठेवून दोन-दोनचे नमुने काढले तर चार शक्यता : (०,०), (०,२), (२,०), (२,२). नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज अनुक्रमे ०, २, २, ०. दोनने भागलं तर या चारांची सरासरी ०.५ येते, एकने भागलं तर बरोबर १. नमुन्याची सरासरी त्या नमुन्यालाच चिकटून असते, त्यामुळे फरक सरासरीने कमी दिसतात. ती तूट एन वजा एक भरून काढतो.

प्रचरणाचं आणखी एक सूत्र असतं, वर्गांच्या बेरजेतून सरासरीच्या वर्गाची एन पट वजा करून मग एन वजा एकने भागण्याचं. हातानं सोपं, संगणकावर धोक्याचं. १००००००००१, १००००००००२ आणि १००००००००३ यांवर ते चालवलं तर दोन प्रचंड संख्यांच्या वजाबाकीत खरं उत्तर बुडून जातं, कारण संगणक साधारण सोळाच अंक जपतो. आधी सरासरी वजा करून मग वर्ग करावेत.

रिग्रेशनमध्ये चार तिमाह्यांसाठी चार ०-१ स्तंभ आणि वर स्थिरांकाचा स्तंभ ठेवला की चारांची बेरीज स्थिरांकाएवढीच होते, आणि मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत अशा वेळी एका सहगुणकाच्या जागी एनए (किंमत उपलब्ध नाही) छापून येतं. तो प्रोग्रामचा दोष समजून तासन् तास कोड तपासणारे मी पाहिलेत. एका तिमाहीचा स्तंभ गाळा, काम झालं.

विभागात नसलेला विषय, उदाहरणार्थ मेझर थिअरी, रीडिंग कोर्स म्हणून करता येतो. एक पुस्तक, आठवड्याला एक तास. मी ठेवलेला वेग आठवड्याला सात-आठ पानांचा. त्याहून जास्त घेतलं की सराव राहतो. सत्र सुरू होण्याआधी विषय, क्रेडिट आणि मूल्यमापन लेखी मंजूर करून घ्यावं आणि गुणपत्रिकेत विषयाचं पूर्ण नाव येईल हे बघावं. नुसतं ‘स्वतंत्र अभ्यास’ छापलं तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी ते काय होतं हे कुणाला कळत नाही. प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम आणि वापरलेल्या पुस्तकाचं नाव त्याच सत्रात एका फाइलमध्ये ठेवावं. विभाग छोटा असला की शिक्षक बदलल्यावर ते कागद मागायचे कुणाकडे, हाच प्रश्न पडतो.