कोलोनिया हुआरेस: चिवावातलं मॉर्मन गाव

अमेरिकेतल्या एल पासोहून सीमा ओलांडली की मेक्सिकोच्या चिवावा राज्याचा रखरखीत मुलूख सुरू होतो. नुएवो कासास ग्रांदेस सोडून डोंगराकडे वळलं की पिएद्रास व्हेर्देस नदीच्या खोऱ्यात एकदम लाल विटांची, उतरत्या छपरांची घरं दिसतात. पुढे हिरवळ, मागे सफरचंदाच्या आणि पीचच्या बागा. हे कोलोनिया हुआरेस.

इथले लोक मॉर्मन, म्हणजे त्या काळी बहुपत्नीत्व पाळणाऱ्या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचे. ते इथे आले ते पळून. १८८२च्या एडमंड्स कायद्याने अमेरिकेत बहुपत्नीक संसार करणाऱ्यांना तुरुंग दाखवला आणि १८८५पासून मॉर्मन कुटुंबं गाडे जुंपून दक्षिणेला निघाली. बहुपत्नीत्व मेक्सिकोतही बेकायदाच होतं. पण पोर्फिरिओ दियासच्या सरकारला ओसाड उत्तरेत माणसं वसवायची होती, त्यामुळे तिकडे काणाडोळा झाला. वसाहतींना नावंही धोरणीपणाने दिलेली: दियास स्वतः राष्ट्राध्यक्ष, दुब्लान अर्थमंत्री, पाचेको विकासमंत्री. माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस तेव्हा हयात नव्हते, पण ते नाव कोणालाच खटकणारं नव्हतं!

दियासच्याच काळात गावोगावचे शेतकरी जमिनी गमावत होते. मेक्सिकन क्रांती पेटल्यावर बाहेरून येऊन सधन झालेल्या या गावांवर डोळा गेला यात नवल नाही. जुलै १९१२मध्ये क्रांतीतला एक सेनानी पास्कुआल ओरोस्को याच्या बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. बायकामुलं रेल्वेने एल पासोला गेली, पुरुष मागून घोड्यांवरून डोंगरातून निसटले. त्या निर्वासितांत पाच वर्षांचा जॉर्ज रॉम्नी होता, १९०७मध्ये दुब्लानला जन्मलेला. पुढे तो मिशिगनचा गव्हर्नर झाला आणि त्याचा मुलगा मिट २०१२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला. काही कुटुंबं परतली, पण वसाहती म्हणून टिकल्या त्या हुआरेस आणि दुब्लान. दुब्लान आता नुएवो कासास ग्रांदेसमध्येच मिसळून गेलंय.

गावात बघायला तसं थोडंच आहे. टेकडीवरचं पांढरं मंदिर १९९९चं. आत फक्त त्यांच्या पंथाच्या लोकांना प्रवेश, आवारात मात्र फिरता येतं. १८९७मध्ये सुरू झालेली आकादेमिया हुआरेस अजून इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत शिकवते. नदीवरच्या झुलत्या पुलावर दोघं चालले तरी फळ्या कुरकुरतात, खाली पाणी बेताचंच. रविवारी जाऊ नका, सगळे चर्चमध्ये असतात आणि दुकानं बंद. कॉफी आधीच पिऊन घ्या, ती यांना वर्ज्य.

आणि कृपा करून कोणाला ‘तुम्हाला बायका किती’ असलं विचारू नका. चर्चने १८९०पासूनच ती प्रथा सोडायला सुरुवात केली. बातम्यांत येणारी कोलोनिया लेबारोन ही वेगळ्या, फुटून निघालेल्या पंथाची वस्ती आहे.

एवढ्या लांब आलात तर पाकिमे चुकवू नका. मातीच्या भिंतींचं हे प्राचीन नगर १९९८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मकाव पोपटांसाठी बांधलेले मातीचे खुराडे आणि त्यांच्या तोंडाशी बसवायच्या गोल दगडी चकत्या बघत मी बराच वेळ रेंगाळलो. सोमवारी बंद असतं. तिथून माता ओर्तिस या गावाला जा. हुआन केसादाने पाकिमेच्या खापऱ्यांवरून पुन्हा उभी केलेली कुंभारकला कारागिरांच्या घरातच बघायला मिळते, विकतही तिथेच घ्या.

कागदपत्रांचं: भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण तो परत येण्यासाठीही चालणारा हवा. सीमेवर पर्यटक परवाना आणि गाडीचा तात्पुरता परवाना काढा. अमेरिकी गाडीविमा तिकडे चालत नाही, मेक्सिकन विमा आधीच घ्या. निघण्याआधी सुरक्षेच्या ताज्या सूचना वाचा आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर गाडी चालवू नका. शाकाहारी असाल तर फ्रिहोलेस मागवताना ‘सिन मान्तेका’ सांगा, नाहीतर राजमा डुकराच्या चरबीत शिजलेला येतो. चीज बरोबर आणायला हरकत नाही. सफरचंदं मात्र सीमेआधीच संपवा, ताजी फळं जाहीर करावी लागतात आणि बहुतेक वेळा काढून घेतात.