रंकाळ्याचा सातबारा

"एकाच चित्राच्या बारा कॉप्या आहेत म्हणता, मग त्यातलं ओरिजनल कुठलं?"

कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही चार-पाच जण मिळून प्रदर्शन लावतो, तेव्हा हा प्रश्न मला दिवसातून दहादा तरी येतो. बाकीच्यांना येत नाही. ते जलरंगवाले, मी लिनो कोरून छापचित्रं काढणारी. त्यांच्या चित्रासमोर लोक उभे राहतात, "व्वा, पन्हाळा!" म्हणतात, पुढं सरकतात. माझ्यासमोर आले की चष्मा वर करून कागदाच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा वाचतात आणि संशयानं माझ्याकडं बघतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

तुमचा संशय चुकीचा नाही, त्याला इतिहास आहे. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला आणि घरोघरी लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या. तिथं मूळ तैलचित्र वेगळं आणि दगडावरून छापलेली त्याची नक्कल वेगळी. छापील म्हणजे नक्कल, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय. कॅलेंडरांनी ते आणखी घट्ट केलं.

मी करते त्यात नक्कल करायला मूळ चित्रच नसतं. लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात तसल्या पण सहज कोरता येणाऱ्या जाड थराचा, एक तुकडा घ्यायचा. कागदावर जे पांढरं राहायला हवं, तेवढं आधी कोरून टाकायचं. मग रोलरनं सगळ्यात फिका रंग लावायचा, समजा पहाटेचं पिवळट आभाळ, आणि तो सगळ्या कागदांवर उतरवून घ्यायचा. माझ्याकडं प्रेस नाही. कागदाच्या पाठीवर स्टीलची भातवाढी उलटी धरून घासते. (घरची भातवाढी एकदा शाईसकट ओट्यावर राहिली होती. तेव्हापासून माझी वेगळी आहे.) मग त्याच तुकड्यावर, जिथं पिवळं टिकायला हवं तो भाग कोरून काढायचा आणि उरलेल्यावर पुढचा रंग. असे पाच रंग. प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर झाडाची सावली झाडापासून सुटून पाण्यात जाऊन पडते. म्हणून बारा प्रती हव्या असतील तर मी सोळा-सतरा कागद घेऊन बसते, बाकीचे वाटेत शहीद होतात. पावसाळ्यात तर हे काम करूच नये. तेलाची शाई आठवडाभर चिकट राहते आणि दमट हवेनं कागद फुगतो, म्हणजे मापंच बदलतात.

शेवटी लिनोवर काय उरतं? फक्त सगळ्यात गडद रंग. रंकाळा तलावातल्या संध्यामठाच्या कमानींतला काळोख आणि काठावरच्या झाडांचे बुंधे. आभाळ, पाणी, ऊन सगळं कोरून केरात गेलेलं. त्यामुळं "आणखी एक काढून द्या की" म्हणालात तरी तेरावी प्रत निघत नाही. मूळ चित्र कुठं आहे म्हणाल, तर त्या बारा कागदांवर आहे आणि दुसरीकडं कुठंच नाही.

आता किंमत. शेजारच्या मित्राचं जलरंगातलं चित्र आठ हजाराला आणि माझं अठराशेला, ते याच हिशेबानं. त्यावर लोक तोंडावर अठराशे गुणिले बारा करून दाखवतात. बाराच्या बारा विकल्या गेल्या तर ना!

जलरंगाचा फोटो काढून भारी कागदावर मशीनमधून छापलेल्या प्रतीही हल्ली प्रदर्शनात असतात. त्यालाही प्रिंटच म्हणतात, इथंच घोळ होतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. कॉलेजच्या पोरानं चारशे रुपयांत खोलीवर निसर्गचित्र लावलं तर चांगलंच आहे. पण त्याच फाइलमधून छापलेल्या प्रतींवर पेन्सिलीनं नंबर टाकून 'मर्यादित प्रती' म्हणून विकलं, की मी नाक मुरडते.

आणि कोल्हापूरकरांना निसर्गचित्र शिकवायला जाऊ नये. आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ आणि रंकाळा रंगवून इथल्या लोकांची नजर शंभर वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलीय. चंद्रकांत मांढरे सिनेमात गाजले, पण राजारामपुरीतल्या त्यांच्या 'निसर्ग' बंगल्यात जाऊन पावडर शेडिंगमधली, म्हणजे कोरड्या पुडीनं छटा देऊन काढलेली, चित्रं बघितलेला माणूस धुकं कसं दिसतं यावर माझ्याशी भांडू शकतो. भांडतोही.

माझ्या पहिल्याच प्रदर्शनात एक काका रंकाळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मी खूश. मग म्हणाले, "मॅडम, पन्नास वर्षं मी रोज चक्कर मारतोय. संध्यामठ त्या अंगाला कधीपासनं गेला?" लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उतरतं. रेखाटन आधी उलटं करून घ्यायचं मी विसरले होते. शालिनी पॅलेस आणि संध्यामठ यांनी जागा बदलल्या होत्या, आणि ते प्रदर्शन लागेपर्यंत मला कळलं नव्हतं. आता ट्रेसिंग पालथं घालून, शेवटी आरशात बघूनच हत्यार हातात घेते.

पुढच्या वर्षी काका परत आले. बाजू तपासल्या. मग वाकून आकडा वाचला, 7/12. म्हणजे बारापैकी सातवी, एवढाच त्याचा अर्थ; पहिलीपेक्षा ती कमी नाही की जास्त नाही, हे मी सांगायला तोंड उघडलं तोवर ते मोठ्यांदा हसले. "अहो, रंकाळ्याचा सातबारा निघाला की हा! बांधा, माझ्या नावावर करा."

हे गावभर झालं. आता कुठलंही चित्र असो, सातवी प्रत सगळ्यात आधी जाते. सगळ्या प्रती सारख्याच, हे मी अजूनही सांगते, कुणी ऐकत नाही. एडिशन मात्र बाराचीच काढते.